काळीवर घर बांधताना

(सामुदायिक रेडिओवर माढ्याहून झालेलं भाषण, बोललं तसंच छापलं आहे.)



तुमच्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका वर चढत गेलेला तडा आहे का? दिवाळीला बुजवला, वरून रंग दिला आणि पुढच्या वैशाखात पुन्हा उघडला, असा? माढा तालुक्यात ज्यांनी सीना-भीमेच्या काठच्या खोल काळ्या रानात वस्तीवर घर बांधलंय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी आत्ता मान हलवली असेल. मग आपण मिस्त्रीला बोल लावतो. सिमेंट कमी घातलं म्हणतो, वाळू मातकट होती म्हणतो. काही घरांत तर वास्तुशांती दुसऱ्यांदा होते. यातलं एखादं कारण खरंही असेल, मिस्त्री काही सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात. पण घराखालच्या मातीकडे मात्र कुणाचं बोट जात नाही. आज तिच्याबद्दलच बोलू.

मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. माती येते, तिच्यावर आम्ही वजन ठेवतो आणि ती किती दबली, किती फुगली ते काट्यावर वाचून वहीत लिहितो. ऐकायला कंटाळवाणं वाटेल. पण त्या वहीतल्या आकड्यांवरून घराचा पाया किती खोल न्यायचा, कसला घालायचा, हे ठरतं.

आपल्या जुन्या बोलण्यात गावठाणाला पांढरी म्हणायचे आणि शिवाराला काळी. काळी-पांढरी म्हटलं की अख्खं गाव त्यात आलं. राहायचं पांढरीत, पिकवायचं काळीत. माळवदाची घरं, वाडे, देवळं, सगळं पांढरीत. काळ्या रानात फार तर एखादं खोपटं, नाहीतर जनावरांचा गोठा असायचा. पुढे १९८० साली आपल्याच तालुक्यातलं उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, ऊस आला, केळी आली, आणि राखणीला, पाण्याच्या पाळ्यांना रानातच राहणं सोयीचं झालं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तसं एकेक घर वस्तीवर गेलं. त्यात चुकीचं काही नाही. फक्त एवढंच झालं, की आपली घरं पांढरीतून उठून काळीवर आली आणि बांधायची रीत मात्र पांढरीतलीच राहिली. दोन-अडीच फुटांचा चर, दगडाचा भराव, वर जोतं आणि जोत्यावर भिंत.

काळी माती कशी वागते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उन्हाळ्यात रान उलतं, भेगेत हात घातला तर खांद्यापर्यंत जातो. मृगाचा पाऊस पडला की भेगा मिटतात, आणि पाय टाकला की चपलेला शेर-शेर चिखल. ज्वारीला कोळपणी कशासाठी देतो आपण? भेगा बुजून ओल उडून जाऊ नये म्हणून. म्हणजे माती फुगते नि आकसते, हे शेतात आपण धरूनच चालतो. घर बांधताना तेच विसरतो.

ही माती आपल्याच काळ्या दगडाची, बेसाल्टची. हजारो वर्षं झिजून तिची भुकटी झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. नाव जिभेला अवघड आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. त्याचे कण गोल नसतात, पापुद्र्यांसारखे चपटे असतात, विड्याच्या पानांची चवड असावी तसे एकावर एक. ते इतके बारीक की डोळ्यांना दिसायचं नावच नको. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. मग माती फुगते. पाणी निघून गेलं की पापुद्रे पुन्हा जवळ येतात, माती आकसते. वाळूत किंवा मुरमात हे होत नाही, त्यांचे कण टणक, पाणी नुसतं मधल्या फटींतून वाहून जातं.

आता ही माती मोजायची कशी, ते सांगते. चक्का कसा करतो आपण? दही फडक्यात बांधायचं, वर वरवंटा ठेवायचा. वरवंटा ठेवल्याबरोबर दही एकदम बसत नाही. आधी पाणी भराभर गळतं, मग थेंब-थेंब, आणि सकाळी बघावं तर गोळा अर्धा झालेला. दह्यातलं पाणी निघालं तेवढंच ते दबलं. चिकणमाती अगदी अशीच दबते. घराचं ओझं पडलं की सुरुवातीला ते मातीतल्या पाण्यावर येतं. पाणी बारीक फटींतून हळूहळू बाजूला सरकतं, आणि जसजसं ते निघतं तसतशी माती बसते.

प्रयोगशाळेत आम्ही पितळी किंवा पोलादी कडं घेतो, ६० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर उंच. बांगडीपेक्षा थोडं मोठं समजा. त्यात माती बसवायची. खाली-वर सच्छिद्र दगडाची चकती ठेवायची, म्हणजे पाणी निघेल पण माती निघणार नाही. फडक्याचंच काम ते. कडं पक्कं असल्यामुळे माती बाजूला पसरू शकत नाही, फक्त खाली दबते. वर तराजूच्या दांडीसारख्या दांडीने वजन टाकायचं. एका बाजूला डायल असते, घड्याळासारखी, आणि तिच्या काट्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीही हालचाल दिसते. वजन टाकलं की पहिल्या पंधरा सेकंदांत काटा किती फिरला, एका मिनिटाला किती, चार मिनिटांना, नऊ मिनिटांना, असं वाचत जायचं. एकेक वजन २४ तास ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वजन दुप्पट, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. एका नमुन्याला आठवडा, दहा दिवस सहज जातात. मातीला घाई करता येत नाही.

मातीवर वजन टाकून असा हिशेब मांडायची शास्त्रशुद्ध रीत कार्ल तेर्झागी नावाच्या इंजिनिअरने घालून दिली. तो इस्तंबूलच्या कॉलेजात शिकवत होता. महाग यंत्रं नव्हती, तर सिगारच्या खोक्यांपासून आणि मोडक्यातोडक्या सामानापासून त्याने आपली उपकरणं केली आणि वर्षानुवर्षं चिकणमाती दाबून बघितली. त्याचं पुस्तक १९२५ साली आलं. आज जगात कुठेही मातीची प्रयोगशाळा असली तरी ती त्याच वाटेने जाते.

या सगळ्यातून एक हिशेब असा निघतो की तो ऐकून माणूस चकित होतो. थराची जाडी दुप्पट झाली तर पाणी निघायला वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. जाडी दहापट, तर वेळ शंभरपट. समजा आमच्या २० मिलिमीटरच्या नमुन्याला बसायला एक तास लागला. तीच माती तुमच्या घराखाली दोन मीटर जाड आहे, आणि पाणी वरून-खालून दोन्हीकडून निघू शकतं. जाडी शंभरपट, म्हणून वेळ दहा हजारपट. दहा हजार तास म्हणजे ४१६ दिवस, जवळपास चौदा महिने. म्हणून घराची वास्तुशांत होते, पहिली दिवाळी छान जाते, आणि तडा दुसऱ्या वर्षी दिसतो. तोवर मिस्त्रीचा हिशेब मिटलेला असतो.

चक्क्याची आणखी एक गोष्ट. वरवंटा काढून घेतला तर चक्क्याचं पुन्हा दही होत नाही. चिकणमातीही वजन काढल्यावर जराशीच वर येते. पुन्हा वजन ठेवलं तर पूर्वी जेवढं सोसलं तेवढ्यापर्यंत ती फारशी दबत नाही. त्यापुढे गेलं की मात्र भराभर दबते. मातीने आजवर सोसलेलं सगळ्यात मोठं ओझं तिच्या अंगात राहिलेलं असतं, आणि आमच्या आलेखावर ते वाचता येतं. हे कसं वाचायचं ते कॅसाग्रांदे नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरने १९३६ साली दाखवलं. याचा आपल्याशी संबंध काय? मुलाचं लग्न ठरलं की घराला एक खोली वाढते. जुन्या घराखालची माती वीस वर्षं दबून बसलेली असते, नव्या खोलीखालची ताजी. नवी भिंत जुन्या भिंतीत दात सोडून गुंतवली की नवी खोली बसताना जुन्या भिंतीला ओढते, आणि जिथे जोड तिथेच तडा जातो. त्यापेक्षा दोन भिंतींमध्ये सरळ सांधा सोडावा, वर पट्टी मारावी. दिसायला थोडं वेगळं दिसेल, दिसू द्या.

नमुना कसा घ्यायचा याबद्दल आमच्याकडे फार गैरसमज येतात. लोक सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरून आणतात आणि म्हणतात, ही घ्या, घर किती खचेल सांगा. सांगता येत नाही. भाकरी कुस्करून तिचा पुन्हा गोळा केला तर पीठ तेच, वजन तेच, पण ती भाकरी नव्हे. जमिनीतली माती जशी आहे तशी, तिच्या कणांच्या रचनेसकट, ओलीसकट, मधल्या चुनखडीच्या खड्यांसकट आणि बारीक भेगांसकट लागते. ती मळली की तिचा स्वभावच बदलतो. म्हणून पातळ धारेची पोलादी नळी जमिनीत दाबून नमुना काढतात, दोन्ही तोंडांना मेण ओततात, हादरे बसू न देता आणतात. पोत्यातल्या मातीवरून ती फुगणाऱ्या जातीची आहे का, एवढं कळतं. ती किती बसेल, हे नळीतल्या नमुन्यावरूनच.

इथवर मी दबण्याबद्दल बोलले. आपल्या भागात खरं दुखणं मात्र दुसरंच आहे.

उन्हाळ्यात काढलेला काळीचा नमुना कड्यात बसवून, हलकं वजन ठेवून त्यावर पाणी सोडलं की डायलचा काटा उलटा फिरायला लागतो. माती वजनाला उचलते. मग आम्ही वजन वाढवत जातो, काटा जिथल्या तिथे राहील इतकं. ते वजन म्हणजे त्या मातीच्या फुगण्याची ताकद. काळ्या मातींत ती चौरस मीटरला वीस-तीस टनांपर्यंतही भरते. आता एकमजली घर घ्या, विटांची भिंत, वर पत्रा नाहीतर स्लॅब. त्याच्या पायाखाली चौरस मीटरला भार येतो चार-पाच टनांच्या आसपास. माती सहज उचलते त्याला. शहरातली पाच मजली इमारत जड असते, ती मातीला दाबून धरते. काळीवर मार बसतो तो हलक्या घराला. दोन खोल्यांचं घरकुल, अंगणवाडीची खोली, बचत गटाचं गोडाऊन, शाळेची कुंपणाची भिंत, हे सगळं हलकं. ज्यांच्याकडे पैसा कमी त्यांचं घर हलकं, आणि हलकं घरच माती हलवते.

त्यात ती सगळीकडून सारखी उचलत नाही. घराच्या मधली माती छपराखाली झाकलेली, तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र पावसात भिजते, उन्हात वाळते. कडा वर जातात, खाली येतात, मधला भाग तिथेच. भिंत लवचिक नसते, ती जिथे कमजोर तिथे फुटते, आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे दारा-खिडकीचा कोपरा. त्यातून मोरीचं पाणी एका बाजूला सोडलं, शोषखड्डा भिंतीला लागून खणला, ऊस अगदी जोत्यापर्यंत लावला, तर ती एक बाजू बारा महिने ओली आणि दुसरी कोरडी. भिंतीलगत लिंब, चिंच, शेवगा वाढला तर उलटं, मुळं त्या बाजूची ओल ओढून घेतात आणि तेवढीच माती आकसते.

उपाय आहेत, आणि ते सगळेच खर्चाचे नाहीत. पाया खणायच्या आधी घराच्या जागेवर एक खड्डा घ्या आणि मुरूम किती खोल आहे बघा. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर प्रश्नच मिटला, पाया काळीतून खाली मुरमात न्यायचा. मुरूम खोल असेल तर आणखी दोन वाटा आहेत. एक वाट रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने १९५०च्या दशकात काढली. हाताने फिरवायच्या गिरमिटाने जमिनीत साधारण साडेतीन मीटर, म्हणजे अकरा-बारा फूट खोल भोक पाडायचं, तळाशी ते अडीचपट रुंद करायचं आणि सळ्या घालून काँक्रीट भरायचं. कांद्यासारखी गाठ तयार होते. एवढ्या खोलवर ओल फारशी बदलत नाही, म्हणून माती हलत नाही. वरची माती घराला उचलायला लागली तरी खालची गाठ त्याला धरून ठेवते. भिंती मग त्या खांबांवरच्या तुळईवर उभ्या राहतात, आणि तुळईखाली थोडी पोकळी ठेवतात, फुगणारी माती तिला टेकू नये म्हणून.

दुसरी वाट आपल्या मुंबईच्या आयआयटीतून आली. तिथले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. तेव्हा काळीतून जाणाऱ्या कालव्यांचं अस्तर माती फुगून फुटत होतं. त्यांनी दाखवलं, की न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मातीचा, म्हणजे आपल्या चिकट मुरमासारख्या मातीचा, साधारण मीटरभर जाड थर दाबून घातला तर खालच्या काळीचं फुगणं आवरतं. नुसती वाळू घालून तसं होत नाही, उलट वाळूतून पाणी खाली झिरपतं. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ही रीत वापरली गेली. घराच्या पायाखाली आणि फरशीखालीही ती चालते. मुरूम मात्र टाकला नि झालं असं नको. थराथराने, वाफशाला पाणी मारून, धुमसून घालावा लागतो.

बांधून झालेल्या घराला पाया बदलता येत नाही. तिथे ओल सारखी ठेवणं हेच काम. घराभोवती तीन-चार फूट रुंद फरशीची पट्टी करा, बाहेर उतार देऊन. पन्हाळीचं पाणी पाइपने लांब सोडा. शोषखड्डा, मोरीचं पाणी, हौद, सगळं भिंतीपासून दूर. आणि तडा लगेच बुजवू नका, आधी मोजा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एकेक टिंब काढा, मधलं अंतर फूटपट्टीने मोजा आणि भिंतीवरच तारखेसह लिहा. नागपंचमीला एकदा, संक्रांतीला एकदा, अक्षय तृतीयेला एकदा. अंतर कमी-जास्त होत असेल तर माती फुगते-आकसते आहे. एकाच दिशेने वाढत असेल तर घर बसतंय, आणि इंजिनिअर बोलवायला हवा. आमच्या डायलचंच हे घरगुती रूप.

शेवटी घरी करायची एक चाचणी. प्रयोगशाळेत हीच चाचणी मोजमापाच्या नळ्यांत १० ग्रॅम माती घालून करतात. पायाच्या खोलीवरची मूठभर माती उन्हात खडखडीत वाळवा, कुटा, बारीक चाळणीने चाळा. सरळ उभे, सारखे दोन काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत चहाचे सपाट दोन-दोन चमचे माती घाला. एकात रॉकेल घाला, दुसऱ्यात फिल्टरचं पाणी. बोअरचं नको, त्यातल्या क्षारांनी माती कमी फुगते. रॉकेल आता रेशनवर बहुतेक ठिकाणी मिळत नाही, पण थोडंसंच लागतं, कुणाच्या तरी जुन्या कॅनमध्ये निघेल. चुलीपासून आणि लेकरांपासून लांब ठेवा. हवेचे बुडबुडे जाईपर्यंत काडीने ढवळा आणि एक दिवस हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही ग्लासांतल्या मातीची उंची मोजा. पाण्यातली रॉकेलातल्या दीडपटीपेक्षा कमी, तर फुगणं कमी. दीडपट ते दुप्पट, तर मध्यम. दुप्पट ते तिप्पट, तर जास्त. तिप्पटीच्या वर गेली तर नेहमीचा दोन-अडीच फुटांचा पाया तिथे घालू नका. तसा थेट इंजिनिअरच्या हवाली करा.

हा अंदाज आहे, अहवाल नाही. पण घरकुलाच्या इंजिनिअरसमोर दोन ग्लास घेऊन उभं राहिलं की बोलणं वेगळ्या पायावर सुरू होतं. घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार धरलेलं, वरचे पैसे आपण गटातून, सोनं मोडून, भावाकडून आणतो. त्यातले थोडे मातीवर खर्च करायला घरात विरोध होतो, मी पाहिलंय. वस्तीवर चार-पाच घरकुलं एकदम मंजूर झाली असतील आणि रान एकसारखं असेल, तर सगळ्यांनी मिळून एकाच खड्ड्याचा नमुना तपासून घ्या, खर्च वाटला जातो. सोलापूर-पंढरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विचारा. दर आधी विचारा, किती दिवस लागतील तेही विचारा. नमुना काढायला त्यांचाच माणूस नळी घेऊन येऊ दे. आणि नळीवर चिठ्ठी लावताना तिच्यावर गट नंबर, किती फुटांवरची माती, तारीख आणि नळीचं वरचं तोंड कुठलं, हे लिहून घ्या. चिठ्ठी मेणाच्या आत नको, बाहेर लावा, नाहीतर वाचता येत नाही.